शर्यतीच्या मैदानावर पोशाख कोणता? टोपी, दस्तार आणि पदर

१/ हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. येथे मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरात निजामाचा थेट अंमल संपून इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड सुरू होत असे. दोन्ही सत्तांना घोड्यांच्या शर्यतींचे वेड होते. मात्र शर्यतीला कोणत्या पोशाखात जावे, याची त्यांची उत्तरे निराळी होती.

२/ इंग्रजी उत्तर अ‍ॅस्कॉटचे. १७११ मध्ये राणी अ‍ॅनने सुरू केलेल्या या मैदानावरील राजेशाही कक्षात पुरुषांना आजही लांब कोट, वेस्टकोट आणि उंच टोपी अनिवार्य आहे. स्त्रियांनीही डोक्यावर काही ना काही परिधान करायचे, आणि त्याचा तळ किमान चार इंचांचा हवा! पोशाख पाहूनच माणसाची पायरी ठरत असे.

३/ डोके झाकण्याचा संकेत आपल्याकडेही होता. अर्थ मात्र वेगळा. आदर दाखवताना इंग्रज टोपी काढतो. मराठी माणूस पागोटे डोक्यावर ठेवून जोडे बाहेर काढी. भर सभेत बोडक्या डोक्याने बसणे अशिष्ट मानले जाई.

४/ आता निजामाकडे वळू. हैदराबादच्या शर्यती १८६८ च्या सुमारास मौला अली येथे सुरू झाल्या. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ मध्ये त्या मलकपेटला आणल्या. त्यांच्या दरबारी पोशाखात शेरवानी, डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस हा पट्टा असे. स्वतः निजाम मात्र युरोपीय सूटही आवडीने वापरत. पुरानी हवेलीतील त्यांचे दुमजली लाकडी कपाट आजही पाहायला मिळते. एक अख्खे दालन त्याने व्यापले आहे. कोणत्या प्रसंगी काय घालायचे, हे ठरवणारे ते स्वतःच होते.

५/ मुंबईत ही मोकळीक नव्हती. भायखळ्याच्या शर्यती पुढे महालक्ष्मीला आल्या. तेथील मैदान १८८३ चे, मेलबर्नच्या कॉलफील्डच्या धर्तीवर बांधलेले. त्या काळी शहरातील प्रतिष्ठित युरोपीय क्लबांचे दरवाजे भारतीयांना बंद होते. कितीही उत्तम सूट शिवून घेतला, तरी कातडीचा रंग झाकत नसे. म्हणूनच पुढे दोघांनाही सदस्यत्व देणारा विलिंग्डन क्लब निघाला.

६/ घोडे आणि पैसा मात्र भारतीयांकडेही होता. १९४३ मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकणारी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांची. आजोबांचे नाव दिलेल्या त्यांच्या ‘सयाजीराव’ घोड्याने १९४७ मध्ये इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकली. महाराणी सीतादेवी परदेशी समारंभांतही साडी नेसत. त्या साडीला टोपीची जोड लागत नसे.

७/ याउलट मेलबर्नला १९६५ मध्ये काय घडले ते पाहा. जीन श्रिम्प्टन ही इंग्लिश मॉडेल फ्लेमिंग्टनच्या मैदानावर आखूड झगा घालून, टोपी, हातमोजे आणि लांब मोज्यांविना आली, आणि एकच गहजब उडाला. टोपीची सक्ती लिखित नियमापेक्षा लोकांच्या नजरेतच अधिक होती.

८/ आज डर्बीच्या दिवशी महालक्ष्मीला पिसांच्या, जाळीच्या टोप्या मिरवल्या जातात. त्या पाहून अ‍ॅस्कॉटची आठवण होते. खुद्द अ‍ॅस्कॉटचा नियम मात्र परदेशी पाहुण्यांना त्यांच्या देशाचा औपचारिक राष्ट्रीय पोशाख घालण्याची मुभा देतो. म्हणजे जेथून हा टोपीचा दंडक आला, तेथेच शेरवानी आणि साडी सन्मानाने आत जाऊ शकतात.

९/ कनेरगावच्या एखाद्या मुलीला उद्या महालक्ष्मीचे किंवा अ‍ॅस्कॉटचे निमंत्रण आले, तर तिने टोपी जरूर घालावी, आवडत असेल तर. पण आजीच्या पेटीतली पैठणी त्या प्रसंगाला उणी पडेल, असा समज मात्र इतिहासाला धरून नाही.