थायरॉईडचा विकार आणि स्त्रियांची वजनवाढ : एक ऐतिहासिक आढावा

स्त्रियांची वजनवाढ आणि ग्रंथींचे कार्य यांचा संबंध वैद्यकाच्या ध्यानात आला, तेव्हा ‘हार्मोन’ ही संज्ञाही अस्तित्वात नव्हती. ती १९०५ मधली. लंडनचे विख्यात डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांमधील एका विकाराचे वर्णन केले. सुस्ती, जडावलेली जीभ, सुजलेला चेहरा आणि नकळत वाढत गेलेला शरीराचा आकार ही त्याची लक्षणे होत. ही वाढ चरबीची नव्हती. विल्यम ऑर्ड यांना शवविच्छेदनात त्वचेखाली श्लेष्मल द्रव्य साठलेले आढळले आणि १८७८ मध्ये त्यांनी या विकाराला ‘मिक्सिडिमा’ हे नाव दिले. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १०९ रुग्णांचा अभ्यास करून १८८८ मध्ये थायरॉईड ग्रंथीच्या ऱ्हासाकडे बोट दाखवले. या रुग्णांत स्त्रियांचीच संख्या फार मोठी होती.

न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. तिची सूज ओसरली, बोलणे सुधारले. पुढे २८ वर्षे ती जगली. त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या!

या यशातूनच एक चुकीचा निष्कर्ष निघाला. अर्काने रुग्णांचे वजन उतरते, म्हणून तो कोणत्याही लठ्ठपणावर चालेल, असे मानून १८९० च्याच दशकात निरोगी ग्रंथी असलेल्यांनाही तो दिला जाऊ लागला. वास्तविक थायरॉईडच्या कमतरतेने वाढणारे वजन बहुधा मर्यादित असते आणि त्यात पाणी व क्षार यांचा वाटा मोठा असतो. ऑर्ड यांच्या निरीक्षणातच हा भेद सूचित होता. पण ‘वजन कमी होते’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. निरोगी शरीरात या औषधाची अतिरिक्त मात्रा हृदयाची गती वाढवते, स्नायू झिजवते.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत थायरॉईड, अ‍ॅम्फेटामाइन, मूत्रल आणि डिजिटॅलिस यांच्या रंगीबेरंगी गोळ्या वजन घटवण्यासाठी सर्रास दिल्या जात. त्यांचे ग्राहक मुख्यत्वे स्त्रियाच होत्या. मृत्यूंच्या घटना उघडकीस आल्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली. हे औषध लठ्ठपणासाठी वापरू नये, असा ठळक चौकटीतील इशारा तेथील थायरॉईडच्या औषधांच्या माहितीपत्रकावर आजही छापला जातो.