उत्तर न मागणारा प्रश्न

कोंकणांत पाहुणा जेवून उठला व त्यानें छत्रीकडे हात नेला कीं यजमानीण म्हणते, “लगेच निघालांत?” तो निघाला आहे हें तिला दिसतच असतें, तिला म्हणावयाचें असतें, “थोडें थांबा.” बांधावरून तंटा लागला कीं तिचाच यजमान गरजतो, “जमीन काय तुझी आहे?” येथेंही उत्तर कोणास नको आहे. विधान केलें तर समोरचा मनुष्य तें सरळ नाकारूं शकतो. अशा प्रश्नाचें उत्तर मात्र त्याचें त्यालाच मनांत तयार करावें लागतें, आणि स्वतःच्या मनानें दिलेलें उत्तर खोडून काढणें कठीण.

मराठींत होकारार्थी प्रश्नांतून नकार निघतो आणि नकारार्थी प्रश्नांतून होकार. ‘मी का चोर आहें?’ म्हणजे मी चोर नाहीं. ‘तुला हें ठाऊक नाहीं का?’ म्हणजे ठाऊक आहे. आम्हां मास्तरांच्या जातीला हे प्रश्न फार प्रिय. “एवढेंही कळत नाहीं काय?” असें मास्तरांनीं विचारावें, आणि एखाद्या सरळ मनाच्या मुलानें उभें राहून “नाहीं” म्हणावें, असें किती वर्गांत घडलें असेल! बिचाऱ्यानें शब्द ऐकले, स्वर ऐकला नाहीं. या स्वरालाच आपल्या शास्त्रकारांनीं ‘काकु’ असें नांव दिलें आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत तिचा विचार आहे, आणि पुढील आलंकारिकांनीं काकु-वक्रोक्ति हा निराळा प्रकार मानला.

पण लेखनांत हा स्वर कोठून आणावा? मोडी कागदांत विरामचिन्हेंच नव्हतीं. प्रश्नचिन्ह आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी छपाईच्या वळणानें रुळलें, आणि घरांतला बोलका स्वर वर्तमानपत्रांच्या कागदावर उमटूं लागला. त्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण याच रत्नागिरींत २३ जुलै १८५६ रोजीं जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांच्या ‘केसरी’तलें आहे.

श्रोतेहो, १८९७ सालचें पुणें डोळ्यांपुढें आणा. प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेत होते. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट तत्काळ गेला, रँड ३ जुलैला. सरकारनें शहरावर जादा पोलीस बसविले व त्यांचा खर्च नागरिकांवर लादला. ६ जुलैच्या अग्रलेखाचा मथळा होता : ‘सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय?’

ही भाषा दरबारची नाहीं, माजघरांतली आहे. आई मुलाला किंवा वडील भाऊ धाकट्याला संतापानें जें म्हणेल, तेंच येथें साम्राज्यसरकारला म्हटलें आहे. ‘सरकारचें डोकें फिरलें आहे’ असें लिहिलें असतें तर तें एका संपादकाचें मत झालें असतें. ‘काय’ हा एक शब्द शेवटीं आला आणि उत्तर देण्याचें काम वाचकांकडे गेलें. त्याच महिन्यांत ‘राज्य करणें म्हणजे सूड उगविणें नव्हे’ असाही एक अग्रलेख आला. विचारानें तो मथळा मला अधिक भारदस्त वाटतो. पण लोकांनीं डोक्यांत ठेवला तो पहिलाच.

या मथळ्यामुळेंच टिळकांना शिक्षा झाली अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाहीं. २७ जुलैला त्यांना मुंबईंत अटक झाली. पण राजद्रोहाचा आरोप उभारला होता तो १५ जूनच्या, म्हणजे रँडवरील हल्ल्याच्या आधींच्या अंकावर. त्यांत शिवाजीमहाराजांच्या तोंडीं घातलेली एक कविता व शिवोत्सवांतील भाषणाचा वृत्तांत होता. न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीला सांगितलें कीं सरकारविषयीं प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीति. नऊ ज्यूररांपैकीं सहांनीं दोषी म्हटलें, तिघांनीं निर्दोष. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, आणि पुढील वर्षाच्या ६ सप्टेंबरला ते सुटले.

खटल्यांतील कविता आज फारच थोड्यांना ठाऊक आहे. तो प्रश्न मात्र, नवा कर बसला कीं किंवा सरकारी हुकूम विचित्र निघाला कीं, वर्तमानपत्र खालीं ठेवतांना अजूनही घरोघर ऐकूं येतो.