झेंडा कुणासाठी उतरतो?



२०२४ च्या डिसेंबरअखेरची गोष्ट. बचत गटाच्या कर्जाच्या कागदांसाठी आम्ही चौघीजणी तालुक्याला गेलो होतो. कचेरीसमोर तिरंगा होता, पण खांबाच्या मध्यावरच. आमच्यातल्या काकू म्हणाल्या, "अगं, दोरी अडकली वाटतं. कुणाला तरी सांगा." मी म्हटलं, "काकू, दोरी अडकली नाही. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग गेले, सात दिवसांचा दुखवटा आहे. म्हणून झेंडा अर्ध्यावर आहे."

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. मोठा माणूस होता. पण मला सांग, आमच्या कडब्याच्या गंजीला आग लागली तेव्हा बंबावरून आलेला तो पोरगा धुरात शिरला होता. हात भाजून घेतला त्यानं. त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर झेंडा उतरला असता का?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर शोधलं, वाचलं. ते आज तुम्हाला सांगते.

आधी नियम बघू. आपल्या देशात झेंड्यासाठी ध्वजसंहिता आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान पदावर असताना गेले तर देशभर झेंडा अर्ध्यावर येतो. राज्यपाल किंवा मुख्यमंत्री गेले तर त्या राज्यात. यादीबाहेरच्या कुणासाठी उतरवायचा असेल तर केंद्र सरकार तसा खास आदेश काढतं. या यादीत अग्निशामक दलाचा जवान नाही. त्याला शासकीय इतमामात निरोप द्यायचं ठरलं तर पार्थिवावर तिरंगा ठेवतात, भगवी पट्टी डोक्याकडे करून. तो तिरंगा चितेत जात नाही. पण खांबावरचा झेंडा त्याच्यासाठी आपोआप खाली येत नाही. म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, 'नाही' असं आहे.

झेंडा अर्ध्यावर आणायची ही रीत मुळात दर्यावर्दी लोकांची. सतराव्या शतकापासून ती जहाजांवर दिसते. कप्तान किंवा खलाशी गेला की निशाण खाली घेत. वरची मोकळी जागा मृत्यूच्या न दिसणाऱ्या निशाणासाठी सोडलेली असते, असं सांगतात. आणि आपल्याकडची आगीशी लढणाऱ्यांची सगळ्यात मोठी आठवणसुद्धा एका जहाजापासूनच सुरू होते.

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते. गावात मिरवणूक असते, निळे झेंडे लागतात. त्याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडहून निघून कराचीमार्गे ते दोन दिवसांपूर्वी मुंबईला लागलं होतं. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड. घरात कापूस साठवणाऱ्या बाईला हे ऐकूनच धडकी भरेल. कापसाची गाठ आत धुमसत राहते. वरून पाणी ओतलं तरी आतली आग विझत नाही.

स्फोटक माल असलेल्या जहाजावर धोक्याचा लाल बावटा लावायची पद्धत होती. या जहाजावर तो नव्हता. म्हणजे जो झेंडा लोकांना सावध करायचा, तोच वर चढला नाही.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले. जवानांनी पाण्याचा मारा सुरू केला. नऊशे टनांहून जास्त पाणी त्या जहाजात गेलं. तरी आग नेमकी कुठे आहे ते धुरामुळे कळेना. जहाजाचा पत्रा तापून लाल झाला, आतलं पाणी उकळायला लागलं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडून जायचा हुकूम निघाला. त्यानंतर सोळाच मिनिटांनी, चार वाजून सहा मिनिटांनी, पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. कितीतरी लांब असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. आजूबाजूची जहाजं फुटली, जळत्या गाठी उडून वस्त्यांवर पडल्या. आठशेच्या आसपास माणसं गेली. खरा आकडा त्याहून मोठा असावा असं बरेच जण मानतात. हजारो कुटुंबं एका संध्याकाळी उघड्यावर आली.

त्यात अग्निशामक दलाचे ६६ जण होते. पळायला वाट होती तेव्हा ते हातात पाण्याचे पाइप धरून उभे होते.

आता पुढचं ऐका. आपण रेडिओवर बोलतोय म्हणून मुद्दाम सांगते. युद्धाचा काळ, इंग्रज सरकारनं बातमी दाबून धरली. मुंबई हादरली, पण देशाला नीट काही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ही बातमी सविस्तर सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. इकडून ती बाहेर पाठवायला परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या घरातला माणूस गेला त्या घरात सुतक होतं, आणि सरकारदरबारी बोलायची चोरी होती. अशा वेळी झेंडा कोण उतरवणार?

पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढताना सोन्याच्या विटा सापडल्या. त्यामुळे मुंबईत त्या सोन्याच्या कथा अजून रंगवून सांगतात. ६६ जणांची नावं मात्र किती जणांना ठाऊक आहेत?

तरी त्यांना विसरू दिलं नाही ते त्यांच्याच दलानं. भायखळ्याला मुंबई अग्निशामक दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. देश स्वतंत्र झाल्यावर १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन झाला. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या दिवशी जवान मानवंदना देतात, फुलं वाहतात.

आता अमेरिकेत काय घडलं ते सांगते, कारण तिथे झेंडा खरोखर उतरतो. तिथल्या मेरीलँड राज्यात एमिट्सबर्ग नावाचं लहानसं गाव आहे. कामावर असताना गेलेल्या अग्निशामकांसाठी तिथे स्मारक उभारलं आणि १९८२ पासून दरवर्षी श्रद्धांजलीचा कार्यक्रम सुरू केला. गेलेल्यांची नावं धातूच्या पाटीवर कोरतात, घरच्यांना बोलावतात. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या दोन उंच इमारतींवर विमानं आदळली. लोक जिने उतरत होते आणि अग्निशामक जिने चढत होते. शहराच्या अग्निशामक दलाचे ३४३ जण त्या एका दिवशी गेले. महिनाभरानं, ऑक्टोबर २००१ मध्ये, कायदा झाला. त्या वार्षिक श्रद्धांजलीच्या दिवशी केंद्र सरकारच्या सगळ्या कार्यालयांवर झेंडा अर्ध्यावर येतो. आणि एक लक्षात घ्या, तिथले बहुतेक अग्निशामक पगारी नाहीत. शेतकरी, दुकानदार, शिक्षक, गावातलेच लोक, भोंगा वाजला की धावत जातात. तो झेंडा त्यांच्यासाठीही उतरतो.

मला यात एक गोष्ट दिसते. कायदा २००१ चा, पण नावं कोरायचं काम आधीची वीस वर्षं चालू होतं. आधी लोकांनी आठवण धरली, मग झेंडा उतरला.

आपल्याकडेही हे सगळं जुन्या काळातलं नाही. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढलं, पण इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि सुधीर अमीन हे दोघे भाजल्यामुळे त्याच महिन्यात रुग्णालयात गेले. कचेरीत बसून हुकूम देता आला असता. ते आगीजवळ उभे होते.

मग आपण काय करायचं? झेंडा आपल्या मनानं अर्ध्यावर आणायचा नाही, तो मान नियमानंच दिला जातो. आपल्या गावात सरपंच बाई असतील तर एवढं माहीत असू द्या: आदेश आला तर झेंडा आधी पूर्ण वर चढवायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी वर न्यायचा. दुःखाच्या दिवशीसुद्धा त्याची मान आधी ताठ होते.

पण आठवण ठेवायला आदेश लागत नाही. आमच्या गटानं ठरवलं आहे. १४ एप्रिलला बाबासाहेबांना अभिवादन करून झालं की दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी दोन मिनिटं उभं राहायचं. जवळच्या अग्निशमन केंद्राचा नंबर, १०१ आणि ११२ सोबत, गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. आणि बंब येईल तेव्हा गल्लीतली बैलगाडी, मोटारसायकल आधी बाजूला करायची.

काकूंनी आणखी एक काम घेतलं. तालुक्याच्या अग्निशमन केंद्रात जाऊन त्यांनी त्या पोराचं नाव विचारलं. ते नाव आता आमच्या वहीत आहे. तो सुखरूप आहे, हात बरा झाला आहे. काकू म्हणतात, "माणूस गेल्यावर नाव शोधण्यापेक्षा असताना माहीत असलेलं बरं."

तुमच्या गावात आग विझवायला कोण आलं होतं? त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा.