आवडत्या कलाकाराला पैसे पाठवताय? तुमच्या १०० रुपयांतले त्याला किती मिळतात, ते समजून घ्या

माझा मावसभाऊ स्वतः गाणी लिहितो, चाल लावतो आणि घरातल्याच एका खोलीत रेकॉर्ड करतो. लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा त्याने एका परदेशी साइटवर ‘दरमहा सपोर्ट करा’ असं पान उघडलं. ते पान मीच सेट करून दिलं होतं. घरात एक इंजिनिअर असला की प्रिंटरपासून वेबसाइटपर्यंत सगळी कामं त्याच्याकडेच येतात! हळूहळू ३१ जण दरमहा पैसे द्यायला लागले. रक्कम फार मोठी नव्हती, पण खोलीचं भाडं आणि मिक्सिंगचा खर्च निघत होता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ३१ चे एकदम ९ झाले. नोव्हेंबरमध्ये ६. दिवाळीला मावशीकडे गेलो तर टेबलावरचा माइक गायब. विचारलं तर म्हणाला, “विकला. लोकांना आता माझं काम आवडत नाहीये, मग उगाच कशाला मागत बसू?”

मी त्याचं अकाउंट उघडून बघितलं. गेलेल्या जवळजवळ प्रत्येक नावासमोर एकच कारण होतं: पेमेंट नाकारलं गेलं. म्हणजे लोक त्याला सोडून गेलेच नव्हते, फक्त त्यांची कार्डं चालेनाशी झाली होती. त्यातल्या बऱ्याच जणांना तर हे माहीतही नव्हतं.

असं का झालं ते पुढे सांगतोच. पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. ‘सपोर्ट’चं बटण दाबणं सोपं आहे, पण ते दाबल्यावर पैसे कुठून कसे जातात हे ना देणाऱ्याला माहीत असतं, ना घेणाऱ्याला. आज तेच बघूया.

चाहत्यांकडे पैसे मागणं नवीन आहे का?

अजिबात नाही. कीर्तन संपल्यावर आरतीच्या ताटात पैसे पडतात, तमाशात दौलतजादा होतो, दारात आलेल्या वासुदेवाला आपण सुपातून धान्य देतो. ऐकणाऱ्याने थेट कलाकाराला द्यायचं ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे.

सिनेमातही हे झालंय. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला. इंटरनेटच्या काळात २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडने रेकॉर्ड कंपनीशी करार संपलेला असताना ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या साइटवर टाकला आणि किंमत ठरवणं ऐकणाऱ्यांवर सोडलं. २०१२ मध्ये अमेरिकन गायिका अमांडा पामरने किकस्टार्टरवर अल्बमसाठी मदत मागितली. जवळपास २५ हजार लोकांनी मिळून सुमारे १२ लाख डॉलर दिले. नंतर टूरमध्ये स्थानिक वादकांना तिने पैसे न घेता वाजवायला बोलावलं, तेव्हा मात्र जोरदार टीका झाली आणि तिने त्यांना पैसे द्यायचं ठरवलं. चाहत्यांकडून पैसे घेतले की हिशोबही त्यांनाच द्यावा लागतो, हा त्यातला धडा.

आता तुम्ही म्हणाल, स्ट्रीमिंगचे पैसे मिळतात की! मिळतात, पण छोट्या कलाकाराला फारच थोडे. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून असा नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत एखादं गाणं १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलं गेलं असेल, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. म्हणून छोटे कलाकार थेट तुमच्याकडे मागतात.

पैसे द्यायचे मुख्य चार प्रकार

१. एकदाच दिलेली टिप: यूपीआय क्यूआर कोड, यूट्यूबवरचं सुपर चॅट किंवा सुपर थँक्स. आवडलं, दिलं, विषय संपला.

२. दरमहा सपोर्ट: पेट्रिऑन, यूट्यूब मेंबरशिप वगैरे. पेट्रिऑन २०१३ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या दोन संस्थापकांपैकी जॅक कॉन्टे हा स्वतः संगीतकार आहे. कलाकारासाठी हा प्रकार सगळ्यात उपयोगाचा, कारण पुढच्या महिन्यात साधारण किती येणार याचा अंदाज असतो.

३. एका प्रोजेक्टसाठी: किकस्टार्टरसारखं क्राउडफंडिंग. किकस्टार्टरवर ठरवलेलं टार्गेट पूर्ण झालं तरच पैसे कापले जातात, नाहीतर कोणाकडूनच काही घेतलं जात नाही. सगळ्या साइट्सचा नियम असा नसतो, त्यामुळे आधी वाचून घ्या.

४. थेट खरेदी: बँडकॅम्पवर अल्बम, कलाकाराकडून टीशर्ट, प्रिंट, पुस्तक. इथे तुम्हालाही हातात काहीतरी मिळतं.

१०० रुपयांचा प्रवास

हा भाग नीट वाचा, कारण खरा फरक इथेच पडतो.

थेट यूपीआय: तुमच्या बँक खात्यातून कलाकाराच्या खात्यात. मध्ये कोणी कमिशन घेत नाही. १०० दिले की १०० पोचतात.

पेमेंट गेटवे: कलाकाराने स्वतःच्या वेबसाइटवर गेटवे लावला असेल तर साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी कापला जातो. म्हणजे ९७-९८ रुपये पोचतात.

बँडकॅम्प: डिजिटल विक्रीवर १५% आणि वस्तूंवर १०% साइटचे, शिवाय पेमेंटचा खर्च वेगळा. मार्च २०२० मध्ये कोविड सुरू झाल्यावर त्यांनी ‘बँडकॅम्प फ्रायडे’ सुरू केला. ठरलेल्या शुक्रवारी साइट आपला हिस्सा सोडते. तिथून काही घ्यायचं असेल तर तो शुक्रवार बघून घ्या.

पेट्रिऑन: ऑगस्ट २०२५ पासून सुरू होणाऱ्या नवीन पानांवर १०%, अधिक पेमेंटचा खर्च, अधिक चलन बदलण्याचा खर्च. पेमेंटच्या खर्चात टक्केवारीबरोबर एक ठरावीक रक्कमही असते, त्यामुळे अगदी लहान पेमेंटमधला मोठा हिस्सा त्यातच जातो. दरमहा एक डॉलर देण्यापेक्षा कमी वेळा पण जरा मोठी रक्कम दिली तर कलाकाराच्या हातात जास्त पडतं.

यूट्यूब मेंबरशिप आणि सुपर चॅट: कर वजा करून उरलेल्या रकमेच्या ७०% कलाकाराला. समजा १०० रुपयांत १८% जीएसटी धरलेला आहे, तर उरतात साधारण ८५ आणि त्याचे ७०% म्हणजे सुमारे ५९ रुपये.

यात आयफोनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ॲपच्या आतून पैसे भरले तर ॲपलचं कमिशन मध्ये येतं आणि ते ३०% पर्यंत असू शकतं. तेच पान ब्राउझरमध्ये उघडून पैसे भरले तर बऱ्याचदा हा खर्च वाचतो.

याचा अर्थ प्लॅटफॉर्म लुटतात असा नाही. सर्व्हर, व्हिडिओ होस्टिंग, सभासदांची यादी, बिलिंग हे सगळं ते सांभाळतात. मी स्वतः अशा सिस्टिम्सवर काम करतो, हे फुकटात होत नाही हे मला माहीत आहे. पण फक्त मदत करायची असेल तर सगळ्यात लहान रस्ता निवडणं आपल्या हातात आहे.

दरमहाचे पैसे मध्येच का बंद पडतात?

आता मावसभावाच्या पानाचं काय झालं ते सांगतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम पूर्णपणे लागू झाला. म्हणजे कार्डवरून आपोआप दरमहा पैसे कापायचे असतील तर:

- पहिल्यांदा ग्राहकाने ओटीपी वगैरे देऊन मँडेट मंजूर करायला हवं.
- प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी.
- ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी रक्कम असेल तर दर वेळी नव्याने मंजुरी हवी. ही मर्यादा तेव्हा ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली.

नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे, आणि चांगला आहे. विसरलेल्या सबस्क्रिप्शनचे पैसे वर्षानुवर्षं गुपचूप कापले जाणं त्यामुळे अवघड झालं. पण ज्या साइट्सनी भारतीय बँकांसाठी ही सोय केलेली नव्हती, तिथली पेमेंट्स बँकांनी नाकारायला सुरुवात केली. त्या ३१ जणांपैकी बहुतेकांची कार्डं भारतातली होती. जे ६ टिकले, ते सगळे परदेशात राहणारे मराठी श्रोते होते!

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला होता. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय बंद केली. त्यामुळे न्यू जर्सीतला श्रोता नाशिकच्या कलाकाराला पेपॅलवरून पैसे देऊ शकतो, पण पुण्यातला देऊ शकत नाही.

भारतात दरमहासाठी आता सोपा पर्याय आहे तो यूपीआय ऑटोपे. जुलै २०२० मध्ये तो सुरू झाला. यूपीआय पिन टाकून एकदा मंजुरी द्यायची, मग १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दरमहा आपोआप जाते. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचा भाग असतो. तिथे सगळी मँडेट्स दिसतात आणि हवं ते थांबवता येतं. आत्ताच एकदा उघडून बघा, काहीतरी विसरलेलं नक्की सापडेल. मात्र कलाकाराच्या साध्या वैयक्तिक यूपीआय आयडीवर ऑटोपे लावता येत नाही, त्यासाठी त्याच्याकडे मर्चंट खातं लागतं.

पैसे देण्याआधी एवढं तपासा

- क्यूआर कोड किंवा लिंक कलाकाराच्या मूळ चॅनलवरूनच घ्या. कमेंटमध्ये किंवा फॉरवर्ड होऊन आलेला कोड वापरू नका. फॅनपेजच्या नावाने खोटे कोड फिरतात.
- स्कॅन केल्यावर दिसणारं नाव बघा. बँकेतलं नाव आणि कलाकाराचं टोपणनाव वेगळं असू शकतं. शंका आली तर आधी विचारा.
- पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘भेट मिळवायला पिन टाका’ असं कोणी म्हणालं की ती फसवणूकच.
- यूपीआयने पैसे पाठवताना तुमचं नाव समोरच्याला दिसतं. तुमच्या यूपीआय आयडीतच मोबाइल नंबर असेल तर तोही कळू शकतो. अनोळखी माणसाला पैसे पाठवायचे असतील तर नंबर नसलेला आयडी बनवून घ्या.
- कलाकाराला दिलेल्या पैशांवर ८०जी ची करसवलत मिळत नाही. ती फक्त नोंदणीकृत पात्र संस्थांना दिलेल्या देणगीवर असते.
- पॉकेटमनीतून देत असाल तर झेपेल तेवढंच द्या. गाणं शेअर करणं, कार्यक्रमाचं तिकीट काढून जाणं हाही सपोर्टच आहे.

तुम्ही स्वतः कलाकार असाल तर

- एकाच प्लॅटफॉर्मवर अवलंबून राहू नका. भारतातल्या लोकांसाठी यूपीआय आणि परदेशातल्यांसाठी वेगळी लिंक, असे किमान दोन रस्ते ठेवा.
- चाहत्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या परवानगीने स्वतःकडे ठेवा. प्लॅटफॉर्म बंद पडला तरी ही यादी तुमची राहते.
- पैसे कशासाठी हवेत ते स्पष्ट लिहा. ‘मला सपोर्ट करा’ यापेक्षा ‘पुढच्या गाण्याच्या मिक्सिंगसाठी’ हे लोकांना पटकन कळतं. मग ते गाणं आलं की सांगाही.
- आकडे अचानक पडले तर मनाला लावून घेण्याआधी ‘स्वतःहून बंद केलं’ आणि ‘पेमेंट नाकारलं’ या दोन याद्या वेगळ्या करून बघा.
- हे पैसे म्हणजे उत्पन्न आहे. हिशोब ठेवा आणि रिटर्न भरताना सीएला विचारा. सेवांसाठी साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते.

शेवटी

त्या दिवाळीत मावसभावाला मी फक्त एकच काम करायला लावलं. पेमेंट अडकलेल्या २५ जणांना एकेक मेल. “पैसे पाठवा” असं लिहायचं नाही, “तुमचं कार्ड नाकारलं गेलंय, तुम्हाला कळलं होतं का?” एवढंच विचारायचं. तरी तो दोन दिवस टाळत होता, मागायची लाज वाटते म्हणून.

तिसऱ्या दिवशी पाठवले. १७ जणांची उत्तरं आली. एकाने लिहिलं होतं, “अरे, मला वाटलं पैसे जातायत!” त्यातल्या बहुतेकांनी पुढे यूपीआयवरून द्यायला सुरुवात केली. काही जण पहिल्या आठवड्यात विसरतात, मग आठवण झाली की दोन महिन्यांचे एकदम पाठवतात.

विकलेला माइक काही परत मिळाला नाही. नवीन घ्यायला त्याला सात महिने लागले. म्हणून सांगतो, तुम्ही कोणाला दरमहा काही देत असाल तर आज एकदा तपासून बघा, ते पैसे खरंच जातायत का.