थैलीतील शिल्लक

कापसाच्या हंगामात वऱ्हाडातील एखाद्या बाजाराच्या आवारात सकाळी जाऊन उभे राहिले, म्हणजे हर्रास कसा चालतो हे पाहावयास मिळते. गाडी उभी असते, व्यापारी मूठभर कापूस ओढून धागा पाहतो, भाव पुकारला जातो आणि त्यावर दुसरा चढतो. १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला आणि त्याने अडते व मापारी यांना परवान्याच्या शिस्तीत आणले. परंतु खरेदीदाराने आपली थैली केवढी उघडावी, हे त्या कायद्याने कधी सांगितले नाही. ज्याची पत मोठी, त्याने आवारातील सर्व गाड्या घ्याव्यात. कोणाची हरकत नसे.

६ फेब्रुवारी २०१६ रोजी बंगळूर येथे जो हर्रास झाला, त्याची रीत निराळी होती. तेथे विक्रीस कापूस नव्हता, क्रिकेटचे खेळाडू होते. आणि प्रत्येक खरेदीदाराच्या थैलीचे तोंड नियमाने आधीच बांधलेले होते. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार हा तेवीस वर्षांचा फिरकी गोलंदाज बंगळूरच्या संघाने दहा लाख रुपयांस घेतला. दोन्ही हातांनी चेंडू टाकण्याची विलक्षण हातोटी त्याच्या ठिकाणी होती. त्याच संघाने त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाचा शेन वॉटसन साडेनऊ कोटींस घेतला. एकाच थैलीतून निघालेल्या या दोन रकमांत पंचाण्णव पटींचे अंतर आहे. दहा लाख ही त्या वर्षीची किमान बोली, म्हणजे त्याखाली कोणी पुकारूच शकत नव्हते. हे अंतर केवळ गुणांचे होते, की थैलीच्या मर्यादेचाही त्यात काही हात होता, हे समजण्यासाठी या मर्यादेचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

धंदेवाईक खेळाडूच्या मिळकतीस कुंपण घालण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात फुटबॉलच्या नियामक मंडळाने १९०१ साली ठरविले, की कोणत्याही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक वेतन देऊ नये. ही मर्यादा वाढत वाढत वीस पौंडांपर्यंत आली आणि खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा, १९६१ च्या जानेवारीत, ती नाहीशी झाली. त्यानंतर फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्यास शंभर पौंड मिळू लागले. येथे बंधन एकेका माणसाच्या वेतनावर होते. संघाच्या एकूण खर्चावर नव्हते.

अमेरिकेतील बास्केटबॉलने निराळी वाट धरली. १९४६ साली तेथे अकरा संघांची नवी मंडळी उभी राहिली. आजच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे ते मूळ. पहिल्याच हंगामात तिने नियम केला, की एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून पंचावन्न हजार डॉलरपेक्षा अधिक खर्च करू नये. बहुतेक खेळाडूंना चार ते पाच हजार डॉलर मिळाले; फिलाडेल्फियाच्या जो फल्क्सला आठ हजार. ही मर्यादा एकच हंगाम टिकली. त्यानंतर जवळजवळ चार दशके संघांच्या थैलीस बंधन नव्हते. परंतु बंधन नव्हते म्हणजे खेळाडू मोकळा होता असे मात्र नव्हे. करार संपला तरी त्याच्यावरील संघाचा हक्क संपत नसे. दुसऱ्या गावी चांगले वेतन मिळत असूनही त्याला जाता येत नसे. १९७० साली ऑस्कर रॉबर्टसनने खेळाडूंच्या वतीने न्यायालयात दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून ही बेडी हळूहळू सैल होत गेली.

बेडी सैल होताच वेतने चढली, काही संघ बुडण्याच्या बेतास आले, आणि १९८३ साली मालक व खेळाडू यांच्यात जो करार झाला त्यातून थैलीची मर्यादा पुन्हा जन्मास आली. १९८४-८५ च्या हंगामासाठी ती छत्तीस लाख डॉलर ठरली. मात्र या वेळी खेळाडूंनी मर्यादा फुकट मान्य केली नाही. उत्पन्नाचा शेकडा त्रेपन्न भाग आपल्यास मिळालाच पाहिजे, ही अट त्यांनी घालून घेतली. वरचे छत आणि खालची जमीन एकाच करारात बांधली गेली, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा क्षण होय. २०२५-२६ च्या हंगामात ते छत पंधरा कोटी शेहेचाळीस लाख डॉलरांवर पोहोचले.

या पद्धतीतून एक नवीन विद्या निर्माण झाली. उन्हाळ्यात करार संपलेले खेळाडू बाजारात मोकळे होतात. त्याआधी आपल्या थैलीत जागा किती, हे प्रत्येक संघ मोजू लागतो. जागा नसेल तर ती करावी लागते. २०१० साली मायामीच्या संघाने हे केले. दोनच वर्षांपूर्वी निवडीत दुसऱ्या क्रमांकाने घेतलेला मायकेल बीस्ली हा तरुण खेळाडू त्यांनी मिनेसोटास जवळजवळ देऊनच टाकला. बदल्यात मिळाले ते पुढील निवडींतील दुय्यम हक्क. बीस्लीचे वेतन थैलीतून निघाले आणि त्या जागेत लेब्रॉन जेम्स व ख्रिस बॉश हे दोघे सामावले, शिवाय ड्वेन वेडही राहिला. बीस्लीचा खेळ त्या वेळी कसा होता, हा प्रश्न गौण ठरला. त्याचे मोल त्याने रिकाम्या केलेल्या जागेत होते. माणसाचे असणे नव्हे, नसणे किमती व्हावे, ही बाब चमत्कारिक खरी.

भारतात ही विद्या २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत अवतरली. इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात आठ संघांना प्रत्येकी पन्नास लाख डॉलरची मर्यादा होती. त्यांपैकी पंधरा लाख चेन्नईने एकट्या महेंद्रसिंह धोनीवर खर्च केले. काही संघांना घरचा मानाचा खेळाडू लिलावाबाहेर ठेवता येत होता. त्याला संघातील सर्वांत महाग खेळाडूपेक्षा शेकडा पंधरा अधिक द्यावयाचे, असा नियम होता. मुंबईने सनत जयसूर्याला पावणेदहा लाख डॉलर दिले, त्यामुळे सचिन तेंडुलकरचे वेतन आपोआप अकरा लाखांवर गेले.

हैदराबादच्या वाट्यास हा मान व्ही. व्ही. एस. लक्ष्मणच्या रूपाने यावयाचा होता. त्याने तो लिलावापूर्वीच सोडला. संघाला खरेदीसाठी अधिक पैसा उरावा, हे कारण. लिलावात त्याला पावणेचार लाख डॉलर मिळाले आणि अँड्र्यू सायमंड्सला साडेतेरा लाख. मान राखला असता तर नियमाप्रमाणे लक्ष्मणला साडेपंधरा लाखांहून अधिक द्यावे लागले असते. म्हणजे एका माणसाने सुमारे पावणेबारा लाख डॉलरची जागा, पन्नास लाखांच्या थैलीतील जवळजवळ चौथा हिस्सा, आपल्या हाताने मोकळा केला. अमेरिकेत जे व्यवस्थापक हिशेबाने साधतात, ते येथे एका खेळाडूने सौजन्याने साधले. पहिल्या वर्षी तो संघ तळाशी राहिला, ही गोष्ट निराळी. दुसऱ्या वर्षी तो विजेता झाला.

लक्ष्मणला सोडण्याजोगे काही होते. देशाकडून न खेळलेल्या मुलांचे काय? अनेक वर्षे त्यांना लिलावातच प्रवेश नव्हता. २०११ ते २०१३ या काळात त्यांचे वेतन ठरीव होते: दहा, वीस किंवा तीस लाख. त्यांच्यासाठी दोन संघांत चढाओढ लागली, तरी तिचा लाभ त्यांना उघडपणे घेता येत नसे. त्यापूर्वी, २०१० साली, रवींद्र जडेजाने दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून त्याला सबंध हंगाम बाहेर बसविण्यात आले. २०१४ मध्ये मात्र दार उघडले. संघाची मर्यादा साठ कोटी रुपये झाली, आणि लेगस्पिनर कर्ण शर्मास हैदराबादने पावणेचार कोटी दिले.

दार उघडले, तरी थैलीचा नियम तोच राहिला. संघ प्रथम मोठी नावे घेतो; त्यांवर बहुतेक पैसा जातो; मग उरलेल्या शिलकीत दहा-बारा जागा भरावयाच्या असतात, आणि त्या किमान बोलीनेच भरतात. मर्यादा धनवान संघाला आवरते, हे खरे. परंतु तिचा चिमटा महागड्या खेळाडूस न बसता यादीच्या शेवटच्या नावास बसतो. अमेरिकेत खालची जमीन खेळाडूंच्या संघटनेने भांडून घेतली होती. भारतात ती मालकांच्या व मंडळाच्या नियमावलीतच आखली गेली.

२०१६ च्या त्याच लिलावात अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा मुंबईने दहा लाखांस घेतला होता. शेजारच्या दोन जिल्ह्यांतील दोन मुले, एकच दर. आणि दोघांनाही त्या हंगामात मैदानावर पाऊल ठेवण्याची संधी मिळाली नाही. जितेश २०२२ मध्ये पंजाबकडे वीस लाखांस गेला. २०२४ च्या अखेरीस संघांची मर्यादा एकशेवीस कोटी झाली, तेव्हा पंजाबने फक्त दोघांना ठेवून बाकी सर्वांना सोडले आणि जेद्दाच्या लिलावात साडेएकशेदहा कोटींची थैली घेऊन ते बसले. राजस्थानने सहाजण ठेवले होते. त्यांच्याकडे एक्केचाळीस कोटीच उरले. पंजाबने त्या जागेत श्रेयस अय्यरला पावणेसत्तावीस कोटींस घेतले. सुटलेल्या जितेशला बंगळूरने अकरा कोटी दिले. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेत अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. जितेशने दहा चेंडूंत चोवीस धावा काढल्या आणि पंजाब सहा धावांनी हरले.

कर्णेवारची वाट तिकडे वळली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईस ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने दोन्ही हातांनी गोलंदाजी करून पाहुण्यांना चकित केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात आठव्या क्रमांकावर येऊन तो त्र्याहत्तर धावांवर नाबाद राहिला, आणि लगेच इराणी करंडकात त्याने शतक काढले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली. चारही निर्धाव गेली आणि दोन बळी मिळाले. पुरुषांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये असे कोणी त्यापूर्वी केले नव्हते.