सुकडीपासून उंचीच्या पट्टीपर्यंत

आज थोडं मागं जाऊ या.

आपल्या सासवा बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतात, तेव्हा खडी फोडल्याचं, मिलो खाल्ल्याचं आणि सुकडीचं सांगतात. दुष्काळी कामावरची ती गोड सुकडी कितीतरी लेकरांचा आधार होती. तेव्हा प्रश्न एकच होता, आज पोट भरेल का?

मग २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पुढे गावोगाव अंगणवाडी आली, वजनकाटा आला. पण अंगणवाडीत बसून गरम आहार खाणारं मूल तीन वर्षांच्या पुढचं. त्याहून लहान लेकरू घरात, नाहीतर आईच्या कडेवर. नेमकं तेच नजरेतून सुटलं.

२००२ पासून औरंगाबाद विभागात, म्हणजे आपल्याही भागात, मुलांची वजनं नीट घेऊन कुपोषण शोधायचं काम जोरात सुरू झालं. त्यातूनच २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. पुढे मिशनचा भर पहिल्या हजार दिवसांवर आला. हे दिवस पोटात गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे. २००५-०६ मध्ये राज्यात दोन वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३९ खुरटलेली होती. २०१२ च्या पाहणीत ती २३-२४ वर आली.

पण गाडी तिथून पुढं गेली नाही. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची १०० पैकी ३५ मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. २०१८ साली आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, तेव्हा पोषण हाही त्यातला मोठा विषय होता.

असं का? आपल्याकडं बघू. भूमचा खवा लांब जातो, पण घरच्या लेकराच्या वाटीत दूध किती पडतं? शेतात सोयाबीन वाढलं, तूर-मूग कमी झाले. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईचं तान्हं फडावर वाढतं. आणि आपण म्हणतो, "आमच्या घराण्यातच उंची कमी." आम्हीही कित्येक वर्षं तसंच म्हणत होतो. नुसत्या वजनाकडं बघून गप्प बसत होतो.

खुरटणं हा आईचा गुन्हा नाही, नशीबही नाही. ते सावकाश होतं, म्हणून दिसत नाही. दोन वर्षांनंतर ते भरून काढणं फार अवघड. म्हणून सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मग दुधासोबत वरचं खाणं. वरणाचं नुसतं पाणी नको, चमच्यावरून सांडणार नाही असं घट्ट वरण-भात, कण्या. त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट, तेल-तूप, अंडं, भाजी. बाळाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. जुलाब लागले तरी खाणं-पिणं बंद करू नका.

सासवांनी दुष्काळात लेकरं जगवली. आता ती वाढवायची पाळी आपली. पुढच्या बचतगटाच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशोबाआधी एक विचारा: गावातल्या दोन वर्षांखालच्या मुलांची उंची शेवटची कधी मोजली? उत्तर मिळालं नाही, तर सगळ्याजणी मिळून अंगणवाडीताईंकडं जाऊ.