गाव बुडालं की बुडवलं?

नंदुरबारमध्ये १९४२च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलता येतात: ‘स्मारक उभं आहे’ आणि ‘स्मारक उभारलेलं आहे’. दृश्य एकच. पण दुसऱ्या वाक्यात कुणाचे तरी हात आहेत.

जपानी भाषेत हा फरक व्याकरणातच पक्का झाला आहे. ‘मादो गा आइते इरु’ म्हणजे खिडकी उघडी आहे. वाऱ्यानं उघडली की माणसानं, याच्याशी वाक्याला देणंघेणं नाही. ‘मादो गा आकेते आरु’ म्हणजे खिडकी कुणीतरी, काही हेतूनं उघडलेली आहे. उघडणाऱ्याचं नाव येत नाही, पण तो होता हे वाक्य विसरू देत नाही. आपल्या ‘उघडून ठेवणं’सारखी रचनाही तिथे आहे. त्यासाठी जोडतात ते क्रियापद ‘ओकु’, आणि त्याचा मूळ अर्थ ‘ठेवणं’च. कॉलिन मसिका यांनी १९७६च्या पुस्तकात भारतीय भाषांच्या अशा लकबींचा माग पार जपानीपर्यंत काढला होता.

इतिहास वाचताना हा फरक फार उपयोगी पडतो.

९ सप्टेंबर १९४२. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. ‘छोडो भारत’ चळवळीत मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हुतात्मा झाले. हेच ‘गोळीबार झाला, पाच जण मेले’ असंही सांगता येतं. त्यात खोटं काही नाही, फक्त गोळी झाडणारा गायब आहे. ‘मरणं’ आणि ‘मारणं’ यांत एका कान्याचा फरक, आणि बंदूक धरणारा माणूस त्या कान्यात असतो.

याच जिल्ह्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रात आली. मणिबेली त्यांतलं एक. कुणी म्हणतं, ‘गाव पाण्याखाली गेलं.’ जणू गाव स्वतःच चालत गेलं. पण धरणाची जागा आणि उंची माणसांनी ठरवली होती. त्यामुळे ‘बुडालं’ हे वाक्य पुरं होत नाही. ‘बुडवलं’ म्हटलं, की लगेच विचारावं लागतं: कुणी?